काट्याचं निमित्त

सोयरीक ठरतानाच भागिरथीला सांगितलं होतं, की नवऱ्यामुलाचा डावा डोळा लहानपणी बाभळीच्या काट्यानं गेलाय. कोल्हारचा रंगनाथ कष्टाळू होता, बोलायला गोड होता. तिनं डोळ्याचं मनावर घेतलं नाही.

पहिली मुलगी पुष्पावती. दोन वर्षांची झाली तशी तिच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसू लागली. नगरला नेईपर्यंत गाठ डोळ्यामागून मेंदूकडे सरकली होती. चार महिन्यांत पोर गेली.

"गरवार असताना ही ग्रहनात भाजी चिरीत बसली," सासू आक्काबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रंगनाथ खाली मान घालून ऐकायचा. हळूहळू भागिरथीलाही तेच खरं वाटू लागलं.

बहात्तर साली तिला पुन्हा दिवस गेले. धास्तावून ती नवऱ्याला घेऊन नगरच्या त्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. या वेळी डॉक्टरांनी रंगनाथकडे निरखून पाहिलं.

"तुमचा डोळा कशानं गेला?"

"काटा..."

"खरं सांगा. पोटातल्या लेकराचा प्रश्न आहे."

रंगनाथ म्हणाला, "दोन वर्साचा हुतो. गाठ हुती. मुंबईला डोळा काढला."

हा आजार आईबापाकडून मुलांत उतरतो, डॉक्टर म्हणाले. प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. पण जन्मल्याबरोबर आणि पुढं दर थोड्या महिन्यांनी डोळे तपासले, तर वेळेत सापडतो.

भागिरथीनं विचारलं, "पुष्पीच्या आधीच हे तुमाला कळलं असतं तर?"

"डोळा गेला असता. मुलगी बहुधा वाचली असती."

एसटी स्टँडवर रंगनाथ पुटपुटला, "आईनं शपथ घातली हुती."

"आन् ग्रहनाचं? दोन वर्सं लोक मला बोलत हुते. माजी चूक न्हाई, हे तुमाला ठावं हुतं. तरी तुमी बसून ऐकलं."

ती कोल्हारच्या गाडीत चढली नाही. माहेरी निघून गेली.

मुलगी झाली. आठव्या दिवशी डोळे स्वच्छ होते. पाचव्या महिन्यात उजव्या डोळ्यात बाजरीच्या दाण्याएवढा डाग दिसला. मुंबईला उपचार झाले. डोळा अधू झाला, पण लेक जगली.

लेकीसाठी भागिरथी सासरी परतली. आल्या आल्या तिनं नणंद केशरबाईला गाठलं, सगळं सांगितलं आणि तिचीही पोरं तपासायला लावली. आक्काबाई महिनाभर बोलली नाही.

तपासणीची तारीख आली की रंगनाथ पायताण घालून दारात उभा राही.

"मी येऊ का?"

"नको," ती म्हणे, आणि लेकीला कडेवर घेऊन एकटीच स्टँडकडे चालू लागे.