नऊ नंबरचा डावा, दहा नंबरचा उजवा

इंदापुरात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. त्यामुळं माणूस बघायची माझी रीत उलटी झालीय. आधी पाय बघतो, मग चेहरा. माझी बायको सलिमा म्हणते, लग्नातसुद्धा मी आधी तिच्या चपलाच बघितल्या असतील. बघितल्या होत्या. उजव्या चपलेची टाच झिजलेली होती.

दत्तोबाचे पाय मी पहिल्यांदा बघितले ते बारामतीजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत, टेनिसच्या कोर्टावर. फताडे, टाचांना भेगा, करंगळ्या बुटातून बाहेर पडायला निघालेल्या. असले पाय उसाच्या सरीत शोभतात. ते टेनिसच्या कोर्टावर काय करतायत हे मला कळेना. अर्ध्या तासानं कळलं, कारण तोवर मी हरलो होतो.

या गृहस्थाची टेनिसशी ओळख मुरमामुळं झाली. कोर्ट दुरुस्त करायला मुरूम टाकायचं काम त्याच्या ट्रॅक्टरला मिळालं होतं. शेवटची खेप रिकामी करून हा तिथंच उभा राहिला आणि खेळणाऱ्या साहेबांना म्हणाला, "मलाबी एक मारू द्या की." चाळिशी तेव्हाच उलटून गेली होती. तो एक चेंडू मारायला गेला तो पुन्हा काही कोर्टावरून हटला नाही. खेळाची ढब मात्र अगदी दिव्य. खोऱ्यानं चिखल ओढावा तशी रॅकेट फिरवायचा. पण पळायचा! चेंडू कुठंही टाका, हे महाशय आपले तिथं हजर. समोरचा दमून चूक करायचा आणि दत्तोबा जिंकायचा.

दर जानेवारीला त्या कोर्टावर बारामतीच्या आणि इंदापूरच्या हौशी मंडळींचा सामना होतो. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना भेळ घालायची, एवढंच बक्षीस. शेवटचा खेळ ठरलेला, दत्तोबा आणि मी. इतकी वर्षं मी इतकी भेळ खाऊ घातलीय की भेळवाला मला बघितलं की कांदा चिरायला घेतो.

दोन वर्षांपूर्वी मात्र माझी बाजू वर होती. मी पुढं होतो, एकच गुण हवा होता. दत्तोबा पार मागं उभा. मी चेंडू हळूच नेटच्या पलीकडं सोडला. दुसरा कुणी असता तर जागेवरून हलला नसता. हा मात्र उधळला. चेंडूपर्यंत पोचला, तो परतवलाही, आणि तसाच उजव्या पायावर कोसळला. काटकी मोडल्यासारखा आवाज मला नेटच्या अलीकडं ऐकू आला. माझ्याजवळ आलेला चेंडू मी मारलाच नाही, नुसता बघत राहिलो.

"मुरगाळलाय निस्ता," दत्तोबा म्हणाला. त्याला पुढं खेळता आलं नाही, म्हणून मला विजयी ठरवलं. भेळ मिळाली. पण गोड लागली नाही.

मुरगाळलाय म्हणून तो घरी गेला, आणि दोन दिवसांनी त्याच्या उसाला पाटाच्या पाण्याची पाळी आली. आमच्या भागात पाळी म्हणजे पाळी. ती चुकली की पुढची येईतो ऊस करपताना बघत बसायचं. तेव्हा या शहाण्यानं पायाला फडकं गुंडाळलं आणि वर गमबूट चढवला. बूट घट्ट असला की पाय हलत नाही, असा हिशेब. दिवसभर चिखलात उभं राहून त्यानं दारं धरली, एकेका सरीत पाणी वळवत. सगळा ऊस भिजला. संध्याकाळी बूट निघेना. पाय आत फुगून बसला होता. शेवटी जयवंतावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, विळ्यानं बूट चिरला आणि आतला पाय बघून तिथंच खाली बसल्या. गमबूट माझ्याच दुकानातला होता. माल चांगला ठेवतो मी, त्याचं हे फळ.

बारामतीच्या दवाखान्यात फोटो काढला. पावलाचं हाड मोडलं होतं, आणि चिखलातल्या त्या दिवसानं दोन्ही तुकडे पार सरकले होते. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. त्या हंगामाचं उसाचं बिल सगळं त्या पावलात गेलं. शेतात ठिबक करायचं ठरलं होतं, ते राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, "चालाल व्यवस्थित. पळायचं मात्र आता विसरा."

दत्तोबाला पळायचं विसरा म्हणणं म्हणजे खेळच विसरा म्हणणं. दुसरं त्याला येत तरी काय होतं? वहिनींनी रॅकेट लोखंडी पेटीत टाकली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

प्लास्टर काढल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. दत्तोबा अंगणात बाजेवर बसून स्वतःच्या पायाकडं बघत होता. "या सरदारभाई," एवढंच म्हणाला. मी चहा प्यायलो, उन्हाचं बोललो, पाण्याचं बोललो. तो नुसता हं हं करत होता. एरवी खेळताना सुद्धा याचं तोंड बंद नसायचं. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. मला या माणसाला एकदा तरी धडधाकट असताना हरवायचं होतं, आणि हा तर बाजेवरच संपायला निघाला होता.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या.

"भाऊ, मानूस घरात हाय, पर बोलत न्हाय. ऊस कसाय म्हनून इचारत न्हाय. आधी खेळायला जायचं तवा मी भांडायची. आता वाटतं, भांडायला तरी हुतं कायतरी."

"वहिनी, बसून खेळवू का त्यास्नी? खुर्चीवर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता माझीच चप्पल मला पडणार. मग आत गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. रॅकेट दत्तोबाच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बसूनच खेळायचं. उठला, तर ही चुलीत जाईल. मी सोबत येनार हाय."

मग दर रविवारी सकाळी मी इंदापुराहून मोटारसायकलवर यायचो. कोर्टावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत दत्तोबा, दुखरा पाय उपड्या घमेल्यावर. मी पलीकडून चेंडू टाकायचो. पहिल्या दिवशी त्याचे सगळे चेंडू कुंपणाबाहेर गेले. पाय हलत नव्हते, आणि हाताला काहीच येत नव्हतं. इतकी वर्षं पायांनी सगळी लाज झाकली होती.

वहिनी चेंडू गोळा करायच्या आणि बोलायच्या. "आवो, खोरं हाय का ती? जरा हळू. भाकरी तव्यावर टाकतात तसं सोडा की." मला हसू आलं, पण दत्तोबानं खरंच तसं करून बघितलं. चेंडू नेटवरून अलगद आला आणि नेटपाशीच बसला. मी पोचलोच नाही.

दत्तोबा हसला. कित्येक महिन्यांनी.

उन्हाळाभर हे चाललं. मी डावीकडं टाकायचो, तो उजवीकडं सोडायचा. मी घामाघूम, आणि राजेसाहेब खुर्चीत. मी मनाशी म्हणायचो, सरदार, शत्रूला दारूगोळा तू स्वतः पुरवतोयस. तरी पुढच्या रविवारी मोटारसायकल बारामतीच्या रस्त्याला लागायचीच.

पावसाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा फोटो बघितला. हाड चांगलं जुळलं होतं. जपून खेळायला परवानगी मिळाली, पण जुना बूट उजव्या पायात जाईना. पाऊल रुंद झालं होतं, सूज कायमची राहिली होती. इथं माझा धंदा कामाला आला. मी नऊ नंबरचा एक जोड काढला आणि दहा नंबरचा एक. नवाचा डावा आणि दहाचा उजवा अशी जोडी केली आणि खोक्यात भरली.

"आणि हे उरलेलं कुणाच्या पायात घालायचं?" सलिमानं विचारलं.

"येईल कोणीतरी."

"असा माणूस देवानं घडवलाय का?" तिनं उरलेली जोडी दुसऱ्या खोक्यात घालून फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली, रोज माझ्या नजरेस पडेल अशी.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा समोरासमोर उभे राहिलो. वहिनी कुंपणाजवळ त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी माया दाखवायची नाही असं ठरवलं होतं. त्याला पळवायचं, बस्स. पण हा पळेच ना! मधोमध उभा राहून हलक्या हातानं मला या टोकाला, त्या टोकाला पाठवत होता. लांबचा चेंडू गेला तर सरळ जाऊ द्यायचा. लोक कुजबुजायला लागले, पाय अजून दुखतोय वाटतं. मलाही तसंच वाटलं. तरी बरोबरी सुटेना. शेवटी गुण असे आले की पुढचा जिंकेल त्याचा खेळ.

बराच वेळ चेंडू इकडून तिकडं झाला. दत्तोबा मागं सरकला. नेटजवळची जागा मोकळी पडली, अगदी तशीच. मी चेंडू हळूच पलीकडं सोडला, अगदी तसाच.

"आवो!" वहिनी खुर्चीतून उठल्या.

खरं सांगतो, मी चेंडूकडं बघितलंच नाही. सवयीनं खाली बघितलं. दोन बूट माझ्याकडं येत होते. नऊचा डावा, दहाचा उजवा, डावा, उजवा, मुरूम उडवत. तो पळत होता! खेळभर त्यानं तो पाय या एका चेंडूसाठी राखून ठेवला होता. मी तोंड उघडं टाकून उभा, आणि त्यानं पोचून चेंडू माझ्या डोक्यावरून अलगद मागं सोडला. मागं वळून बघितलं तोवर चेंडू रेषेच्या आत पडून कुंपणाला लागला होता.

दत्तोबा नेटजवळ दोन्ही पायांवर उभा होता. मग त्यानं उजवा पाय उचलून दोनदा जमिनीवर आपटला, सगळ्यांदेखत, आणि वहिनींकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. मला स्वतःचंही कळत नव्हतं. हरलो होतो आणि इतका आनंद झाला होता की मी नेट ओलांडून त्याला मिठीच मारली.

"डाक्टर म्हनला हुता पळायचं इसरा," तो माझ्या कानात म्हणाला. "इसरलो हुतो बी. पर तुमी चेंडू टाकला आन् आठवलं."

भेळ खाताना त्यानं मला विचारलं, "सरदारभाई, माझ्या बुटांची ती उरलेली जोडी हाय का अजून?"

"हाय की. सलिमा रोज दाखवती."

"तुमचा नंबर?"

"नऊ."

"मग पुढच्या वर्षी ती तुमी घाला. म्हंजी बरोबरी व्हईल." सगळं कोर्ट हसलं. वहिनी सगळ्यात जास्त.

सोमवारी दुकान उघडल्यावर मी ते खोकं खाली काढलं. उजवा बूट बरोबर बसला. डावा ढिला होता, त्यात पुढं कापसाचा बोळा कोंबला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि माझ्या पायांकडं बघून म्हणालं, "ह्यातला जोड हाय का आजून?"

"न्हाय," मी नाडी आवळत म्हणालो. "ह्याचा जोड बारामतीला हाय."