सुमनकाकूचा व्हॉइस मेसेज

आखातातल्या मंडळींनो, आज माझी मलाच लाज वाटतेय.

सकाळी इथे ओमानमध्ये सोहारच्या प्लांटवर असताना आमच्या वाडीच्या ग्रुपवर सुमनकाकूचा व्हॉइस मेसेज आला. खाली कुणीतरी ‘काका गेले’ असं लिहिलं होतं, बाकीच्यांनी जोडलेल्या हातांचे इमोजी टाकले होते. मीही न ऐकताच हात जोडले.

दुपारी जेवताना मेसेज ऐकला. “पोरांनो, वाडीत आम्ही म्हाताऱ्या बायकाच. खांदा द्यायला माणसं नाहीत. खालच्या गावात कुणीतरी फोन करा रे, मला नंबर शोधता येत नाही.”

तसाच उठून काकूला फोन लावला. काकांना बायकांनीच स्मशानात नेलं होतं.

वाडीत मोबाइलचा टॉवर हवा म्हणून आम्हीच भांडलो होतो.

“काकू, मेसेज ऐकलाच नाही गं कुणी.”

“हात दिसले रे सगळ्यांचे,” काकू म्हणाली.