राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

मामलेदार कचेरीत कागद साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच की कागदांना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही! साठ सालानंतर मी जतच्या कचेरीत कारकून होतो, तेव्हाचे हे.

आमचे मामलेदार रावसाहेब मूळ वाईजवळच्या खंडाळ्याचे. जतला बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, 'महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने'. वहिनींनी कपाळावर हात मारला.

"आवं, त्यांचं आपलं काय वाकडं हाय? आपुन तर त्यांना कवा बघितलं बी न्हाई!"

*

पाझर तलावासाठी सिद्धाप्पा नावाच्या मेंढपाळाची जमीन घ्यायची होती. नोटीस मीच वाचून दाखवली. खाली पुन्हा तेच राज्यपाल! सिद्धाप्पा अस्वस्थ झाला. मला वाटलं, आता भांडतो.

"सायेब, एकदा येऊन बगा म्हनावं त्यांना. नुसता मुरूम हाय! येवढ्या मोठ्या मानसाला फशीवल्यावानी हुईल!"

*

रावसाहेबांच्या घरीही सगळा कारभार रावसाहेबांच्याच नावाने चाले. "साहेब न्हाई म्हंत्यात," असं वहिनींनी सांगितलं की भाजीवाली भाव उतरवायची. साहेबांना यातलं काहीच ठाऊक नसे.

एकदा मी फायली घेऊन घरी गेलो, तर दोघांपुढेही कोरा चहा आला.

"अगं, दूध?" रावसाहेबांनी विचारलं.

"दूधवाला पानी घालत हुता. तुमीच बंद केलंय की!"

*

हसणाऱ्या वहिनी एका बाबतीत मात्र हळव्या होत्या. सासूबाई खंडाळ्यात एकट्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि गाव सोडायला तयार नव्हत्या. रावसाहेबांनी तिकडच्या बदलीसाठी अर्ज केला. उत्तर नकाराचं आलं, तेही राज्यपालांच्याच नावाने. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

आमच्या घरी वडिलांनी बुद्धाच्या तसबिरीशेजारी घटनेची प्रत ठेवलेली, त्यामुळे कचेरीत मीच घटनापंडित! मी वहिनींना समजावलं, "यात राज्यपालांच्या हातात काही नसतं. ठरवतात मंत्री, नाव फक्त त्यांचं."

वहिनी भडकल्याच. "भावजी, येवढ्या मोठ्या मानसावर असला आळ घिऊ नगा! उन्हाळ्यात म्हाबळेश्वरला येत्यात न्हवं? तितनं खंडाळ्याला जाऊन एकदा सासूबाईंना बघून यावं. मग कसं न्हाई म्हंत्यात ते बघू!"

*

आणि त्या साली दुष्काळ पाहायला राज्यपाल खरोखरच जतला आले! डाकबंगल्यावर चहा होता. "तोंड उघडायचं नाही," असं रावसाहेबांनी वहिनींना बजावलं होतं. वहिनींनी राज्यपालांपुढे कप ठेवला आणि तोंड उघडलं. सासूबाईंची सगळी हकिगत सांगून टाकली.

राज्यपालांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, हुकूम माझ्या नावाने निघतात हे खरं. पण ठरवतं मंत्रिमंडळ. मी त्यांच्या सल्ल्याने चालतो."

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रावसाहेबांकडे.

"अगं बया! म्हंजे तुमचं बी आमच्या ह्यांच्यावानीच हाय की!"

रावसाहेब वहिनींना आत न्यायला घाईघाईने उठले. राज्यपाल मात्र पोट धरून हसले. वहिनींनी पदर सावरला.

"मग बाईसाहेब आल्यात का संगट? त्यांच्यासंगंच बोलते!"

आल्या होत्या. दोघी आतल्या खोलीत गेल्या. बाहेर अख्ख्या तालुक्याच्या दुष्काळाची मीटिंग संपली, तरी ते दार उघडलं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी हुकूम आला. बदली वाईला, खंडाळ्याच्या अगदी शेजारी! खाली तेच वाक्य. रावसाहेब कागद फडकवत घरी निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग.

"अगं, बघितलंस? कुणापुढे हात न पसरता काम झालं! माझ्या अर्जाची दखल घेतली सरकारनं!"

ओसरीवर ट्रंका, वळकट्या सगळं बांधून तयार होतं. वहिनी शेवटच्या पेटीला कुलूप लावत होत्या.

"व्हय की! तुमीच केलंय समदं!"