थंडीची तालीम

बाहेर सौदीतल्या जिझानचं ऊन भाजून काढत असायचं आणि आमच्या जुबेदा मॅडम लॅबमध्ये स्वेटर घालून बसायच्या. वर कानाला मफलर. कुणी एसी जरा खाली आणला की आवाज आलाच, "अरे मेल्यांनो, मला काय बर्फात घालून विकायला काढलंय?"

आणि ही बाई संशोधन कशावर करायची? बर्फातल्या अस्वलांवर! पार उत्तरेकडच्या देशातून झोपलेल्या अस्वलांचं रक्त थंड पेटीतून आमच्या युनिव्हर्सिटीत यायचं आणि मॅडम ते तपासायच्या. मी त्यांचा लॅब टेक्निशियन. पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, सौदीत राहून उंट सोडून अस्वल कुठून काढलंत?"

"श्रीवर्धनला माझी अम्मी मांडीचं हाड मोडून पावसाळाभर पडून होती. उठवली तेव्हा पाय झाडूच्या हिरांसारखे! अस्वल अख्खा हिवाळा पडून राहतं नि उठून डोंगर चढतं. त्याची पोटरी तशीच कशी? त्याला विचारायला नको?"

मॅडमना काहीही अडलं तरी विचारायचं अस्वलालाच. कँटीनचा भात कच्चा का? "अस्वलाला विचारूया." इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रिन्यू का होत नाही? "त्यालाच ठाऊक!"

मग एकदा तिकडून बोलावणं आलं. भर हिवाळ्यात या, गुहेतल्या अस्वलाचं रक्त स्वतः काढा. मॅडम नुसत्या उडत होत्या. पण आमचे मुदीर, म्हणजे सौदी हेड, म्हणाले, "डॉक्टर, एसीतच तुमचा हात थरथरतो. तिथे सुई कशी धरणार? दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

मॅडमनी मफलर काढून टेबलावर आपटला. इतकी वर्षं ट्यूबमधून ओळखलेलं जनावर, आणि भेटायला जाणार भलताच कुणीतरी!

दुसऱ्या दिवशी त्या मला ओढत सॅम्पलच्या कोल्ड रूममध्ये घेऊन गेल्या. अंगात दोन स्वेटर, काखेत चहाचा थर्मास. "इरफान, आडवा हो. तू अस्वल."

नकला करण्यात माझा हात कोण धरणार! थर्माकोलवर पसरलो नि असा घोरलो की शेल्फवरच्या बाटल्या वाजल्या. माझ्या दंडाला लाल सरबत भरलेली रबरी नळी बांधलेली. त्यात मॅडमनी सुई घालायची. हात लटलट कापायचा, सगळं सरबत माझ्या शर्टावर.

"मॅडम, अस्वल भिजलं."

"घोर तू! अस्वल बडबडतं काय?"

हे रोज चालायचं. हळूहळू शर्ट कोरडा राहायला लागला. एकदा मुदीरनी अचानक दार उघडलं. मी जमिनीवर गुरगुरतोय, मॅडम गुडघ्यावर बसून सुई सरसावतायत. त्यांनी वाकून मॅडमच्या हातातली सुई बघितली. मग म्हणाले, "यल्ला डॉक्टर, तिकीट काढा. हे बघून नाही म्हणायची माझी हिंमत नाही."

मॅडम गेल्या. एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फच बर्फ, नाक टोमॅटोसारखं लाल, हातात रक्ताची ट्यूब.

"मिळालं?"

"पहिल्याच सुईत!"

"आणि हात? थरथरला नाही?"

"थरथरला तर! पण पेशंट गाढ झोपलेला, तक्रार कोण करणार? तू तेवढं मुदीरना सांगू नको."

मुदीर माझ्या मागेच उभे होते. मराठीचा एक शब्द कळत नसूनही, पडद्यावर मॅडमच्या हातातली ट्यूब अजून हलताना बघून पोट धरून हसत होते.