पालीच्या धरणातला पाठलाग

त्या वर्षी मी मुलांसाठी एक कादंबरी लिहायला घेतली होती. तिच्यात एक तरुण जादूगार होता आणि त्याच्या गावाची झोप चोरून समुद्रावर पळालेला एक काळा शत्रू. बंदरापर्यंतचं सगळं भराभर लिहून झालं. जादूगार होडीत बसला आणि माझं लिहिणं थांबलं. त्याला मी फार निडर केलं होतं, आणि पाण्यावर तो खोटा वाटायला लागला. समुद्र मी पाहिलाच नव्हता. नांदूरघाटच्या शाळेत शिकवणारी मी. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला तरंगायचा डबा सुटला होता, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी माघारी फिरते.

माझे धाकटे मामा पालीला राहतात, बिंदुसरेच्या धरणात मासे धरतात. मला एकदा होडीतून फिरवा, असं मी त्यांना म्हटलं.

"कावून?" मामा म्हणाले. "तुला तर हौदातल्या पाण्याचं बी भ्या वाटतं."

"समुद्राबद्दल लिहायचंय."

मामांनी वल्हं खांद्यावर घेतलं.

उन्हाळा तोंडावर होता. दुपारी आम्ही निघालो तेव्हा पाणी शांत होतं. मी होडीच्या दोन्ही कडा धरून बसले होते आणि नजर मामांच्या पायांवरून हलवत नव्हते. काठ लांब गेला. मग आभाळ एकाएकी मातकट झालं आणि सोसाट्याच्या वाऱ्याचं वावधान सुटलं. होडी डुलायला लागली, कडेवरून पाणी आत आलं. मामा होडी वळवणार एवढ्यात मला लांबवर काहीतरी काळं दिसलं. गोल, लाटेबरोबर वर यायचं आणि बुडायचं.

"मामा, ते काय हाय?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. धरणात कुणी बुडालं की पोलीस मामांनाच बोलावतात, हे मला ठाऊक होतं.

"माणूस असंल," ते म्हणाले आणि त्यांनी होडी तिकडं वळवली.

"मामा, माघारी चला. काठावरून कुणाला तरी बोलवू."

"तवर ते कुठं जाईल?"

"मेलेलं असलं तर?"

"तरी न्यावंच लागंल. आन जित्तं असलं तर? पाणी उपस तू."

त्यांनी डबा माझ्याकडं ढकलला. मी उपसत राहिले. वारा त्या काळ्याला पुढं ढकलत होता. आम्ही जवळ गेलो की ते लाटेआड जायचं आणि भलतीकडंच वर यायचं. ते सापडूच नये, असं मला मनापासून वाटत होतं.

शेवटी मामांनी वल्ह्यानं ते अडवलं. ट्रकच्या चाकाची ट्यूब होती. तिला एक सदरा बांधलेला, आणि खाली पाण्यात ताणलेलं जाळं.

"माझ्या जोडीदाराची हाय," मामा म्हणाले. "सकाळी हिच्यावर बसून जाळं टाकाया उतरलाय त्यो."

जाळ्याला वजन होतं. मामांनी एक टोक माझ्या हातात दिलं आणि ते ओढायला लागले. दोरी तळव्याला कापत होती. खालून आता कुणाचा चेहरा वर येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि डोळे मिटताही येईनात. पाण्याखाली काळंकाळं दिसलं. वर आली ती शेवाळलेली बाभळीची फांदी.

मामा मटकन खाली बसले. "मला बी लई भ्या वाटलं बाई," ते म्हणाले.

मग ते उभे राहून हाका मारायला लागले. वाऱ्यात काही ऐकू येईना. पुष्कळ वेळानं, धरणात बुडालेल्या बाभळींचे नुसते शेंडे वर दिसतात तिकडून, कण्हल्यासारखा आवाज आला. मामांचा जोडीदार एका शेंड्याला मिठी मारून गळ्यापर्यंत पाण्यात होता. ओठ काळेनिळे पडले होते.

"वर घेतलं तर होडी उलटंल," मामा म्हणाले. "मी वल्हवतो. तू मनगट धर त्याचं. सोडू नको."

मी होडीत पालथी पडले आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. काठ येईपर्यंत माझं तोंड पाण्यापासून वीतभर लांब होतं. लाट नाकातोंडात जायची. खाली नुसता अंधार होता, आणि तो माणूस माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांतलं भय आणि माझं भय वेगळं काढता आलं नसतं.

काठावर त्यानं पाणी ओकलं आणि पहिलं विचारलं, "ट्यूब घावली का?"

मामांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच्या शेजारीच बसून रडायला लागले. मला माझ्या हाताची बोटं सरळ करता येत नव्हती.

तो माणूस दोनचार दिवस तापानं पडून होता, मग पुन्हा पाण्यात उतरायला लागला. मी जादूगाराला नव्यानं होडीत बसवलं. आता तो शत्रूच्या मागं जातो, पण शत्रूची गाठ पडू नये असं त्याला वाटत असतं, आणि तरी तो वल्हवतो. त्याची भीती गेली, असं मी कुठं लिहिलेलं नाही. माझीही गेली नाही. आजही बीडला जाताना पाली आलं की मी एसटीतली धरणाकडची खिडकी सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसते.