तपकिरी पुठ्ठ्यातला हत्ती

आमच्या घरात छापील कागद यायचा तो किराण्याच्या पुड्यांचा. वडील नांदेडकडून हडपसरला आले आणि एका कारखान्याच्या गोदामात हमाली करू लागले. आई लोकांची धुणीभांडी करायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण. पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती हे तर झालंच, पण पुस्तक घरात आणायची वस्तू आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पहिलीत बाईंनी हातात पुस्तक दिलं, तर मी ते उलटं धरलं. वर्ग हसला. बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं आणि चौथीपर्यंत मी तिथेच राहिले, मठ्ठ म्हणून. मी मठ्ठ नव्हते. मला कुणी पुस्तक दाखवलंच नव्हतं.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे मी मान वर करूनच सांगते. पण त्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली सातवीच्या आत शाळेतून गळाल्या. त्याही मठ्ठ नव्हत्या.

तोवर हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका कंपनीत मला हिशेबाच्या विभागात नोकरी लागली. लेक तीन वर्षांची झाली, तेव्हा मी ठरवलं, हिची शाळा मागच्या बाकावरून सुरू होणार नाही. तिला घेऊन थेट सार्वजनिक वाचनालयात गेले.

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचता येतं का हिला?"

"नाही. म्हणून तर आणलंय."

"मग वाचायला लागली की आणा. दहा वर्षांखाली सभासद करत नाही आपण."

"अहो, म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा?"

शेवटी मी माझ्या नावाने सभासद झाले. बालविभाग म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. ते उघडलं आणि मी बघतच राहिले. सगळी पुस्तकं एकजात तपकिरी. पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर शाईने नाव आणि नंबर.

"मुलं फाडतात हो," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाले. "आपण नवं पुस्तक आलं की मूळ कव्हर काढून बाइंडिंगच करून घेतो. वर्षानुवर्षं टिकतात."

"हात लावू दिला नाही, तर टिकणारच की!"

त्यांनी पाठीवरची नावं वाचून हत्तीच्या गोष्टीचं एक पुस्तक काढून दिलं. शिवणीत हत्तीची अर्धी सोंड गेली होती, तरी लेकीला तो इतका आवडला, की आठवडाभर रोज रात्री तोच वाचायचा. परत केल्यावर पुढच्या खेपेला तिला पुन्हा तोच हवा होता. कपाट उघडं दिसताच ती धावली. एक तपकिरी पुस्तक काढलं, हत्ती नाही. दुसरं काढलं, नाही. तिसरं काढलं, तेव्हा ग्रंथपाल ओरडले, "ए, हात लावू नकोस!" पेपर वाचत बसलेल्या एका काकांनी पाटीकडे बोट केलं, "शांतता पाळा."

घरी येऊन ती म्हणाली, "मला नाही यायचं तिथं. तिथली पुस्तकं मला दिसत नाहीत."

तीन वर्षांच्या पोरीला कळतं ते वाचनालयाच्या एवढ्या मोठ्या कार्यकारिणीला कळू नये? पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर म्हणे! माहेरी लेकराला दारातूनच हाकलतात का?

वाचनालयाची वार्षिक सभा आली. आई म्हणाली, "कशाला भांडायलीस गं मोठ्या लोकांशी? दुकानातून आण की एक पुस्तक."

"मी आणीन गं. जिची आई धुणंभांडी करते, तिने कुठून आणायचं?"

सभेच्या दिवशी आईने लेकीला स्वतःजवळ ठेवून घेतलं.

सभेत मी उभी राहिले. ते पेपरवाले काका लगेच म्हणाले, "अहो बाई, हे वाचनालय आहे, पाळणाघर नाही."

"काका, आपण इथे रोज पेपर तोंडावर घेऊन झोपता, म्हणून याला कुणी धर्मशाळा म्हणालं का?"

हशा पिकला. मी हसले नाही. बालविभागातली पाच पुस्तकं अध्यक्षांच्या टेबलावर पाठ पलीकडे करून ठेवली. "न उघडता आणि नाव न वाचता यातला हत्ती काढून दाखवा."

अध्यक्षांनी एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. "सगळी सारखीच दिसतात."

"ज्याला अक्षर येत नाही, त्याला मुखपृष्ठावरचं चित्र हेच पुस्तकाचं नाव. तेच आपण फाडून टाकतो आणि वर म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत."

मुलांना पुस्तकं खुली करा आणि खाली बसायला सतरंजी टाका, असा ठराव मी मांडला. बरीच वादावादी झाली. पुस्तकं फाटतील, गोंगाट होईल, सतरंजीवर घाण होईल. फाटली तर मी चिकटवीन म्हटलं, आणि शनिवारी संध्याकाळी मुलांना मोठ्याने वाचूनही दाखवीन. शेवटी हात वर झाले. थोड्या मतांच्या फरकाने का होईना, ठराव मंजूर झाला.

आता त्या वाचनालयात तीन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाने सभासद होता येतं, आणि नवी येणारी चित्रांची पुस्तकं मुखपृष्ठासकट खालच्या उघड्या फळीवर असतात.