सादड्याखालचे काजवे

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीत भाताचं बी राबावर, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या तुकड्यावर, कधी टाकायचं, हे राहीबाई सांगायची. पंचांगबिंचांग राहिलं बाजूला! रोहिणी नक्षत्र सरत आलं, की दिवेलागणीला ती ओढ्यावरच्या सादड्याच्या झाडाखाली जाऊन बसायची. झाडावरचे काजवे सगळे एकदम लुकलुकायचे; अख्खा सादडा पेटायचा, विझायचा. ते झाड सोडून गवतात उतरले, की पाऊस तोंडावर आला म्हणायचं. पण गवतात दुसरी जातही असते, बिनपंखांच्या माद्यांची. त्या लुकलुकत नाहीत, जमिनीला धरून नुसत्या तेवत राहतात. त्यांचा पावसाशी काही संबंध नाही. हा फरक राहीबाईला सासूनं शिकवला होता, आणि पेरणीचा दिवस सांगायचा मान तिनं मोठ्या तोऱ्यात मिरवला.

बहात्तर साली तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उंबऱ्याला ठेचकाळली की सुनेवर खेकसायची, पण दिसत नाही असं कबूल करायची नाही. कशी करेल? मान गेला असता ना!

त्या साली रोहिणी सरताना एका संध्याकाळी तिला गवतात उजेडाचे पुंजके दिसले. "उतरले गं बाई!" ती म्हणाली.

बरोबर सून होती, मुक्ता. तिनं वाकून बघितलं. "आत्याबाई, ह्ये लुकलुकत न्हाईत. नुसते तेवत्यात. झाडावरचे झाडावरच हायेत."

"गप बैस! काल आलेली तू, तुला काय कळतंय?"

राहीबाईनं वाडीत निरोप धाडला. सकाळी वाडीनं बी टाकलं. दोन हलक्या सरी आल्या, बी उगवलं, आणि मग आभाळानं जी पाठ फिरवली! बोटभर रोपं जागच्या जागी करपली. पलीकडची वाडी थांबली होती, त्यांनी बी मागाहून टाकलं. श्रावणात थोडा पाऊस आला तेव्हा त्यांच्याकडे लावायला रोपं तरी होती.

वाडीतला वडीलधारा कारभारी चार माणसं घेऊन दारात आला. "राहीबाई, अशी कशी चूक झाली?"

"मला का इचारता? सून गेल्ती बघायला. तिनंच सांगितलं."

लाज कशी वाटली नाही बाईला! मुक्ताचा नवरा सहादेव आईला अवाक्षर बोलला नाही. बायकोशी मात्र बोलणंच टाकलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना बाया मुक्ताला 'काजवेवाली' म्हणून हिणवायच्या. राहीबाई शेजारी बसून मुकाट ऐकायची. जळो तो मान!

पुढच्या साली रोहिणी सरत आली, तेव्हा राहीबाईला नुसता अंधार-उजेड कळत होता. कारभारी पुन्हा आला. "औंदा तुमीच जावा. सुनेवर सोपवू नका. एवढंच बी हाय, ह्ये गेलं तर संपलं."

दिवेलागणीला तिनं मुक्ताचा हात धरला आणि सादडा गाठला.

"मुक्ता, माझे बाई, खरं सांग. गवतातले लुकलुकत्यात का नुसते तेवत्यात?"

मुक्तानं झाडाकडे बघितलं, गवताकडे बघितलं.

"मला काय कळतंय, आत्याबाई?" असं म्हणून तिनं हात सोडवून घेतला आणि ती घराकडे चालू लागली.

राहीबाई सादड्याखाली बसून राहिली. खाली वाडीत माणसं तिच्या निरोपाची वाट बघत होती.